मोरीच्या वरचं गाव, मोरीच्या खालचं गाव



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या भागातल्या कितीतरी मुलांना भूगोल शिकवला. म्हणून मी भूगोलाच्या शेजारचाच विषय घेतला आहे: मोऱ्या. रस्त्याखालून, रुळांखालून पाणी पलीकडे नेणारी ती लहान बांधकामं. भारतीय रस्ते काँग्रेसच्या नियमाप्रमाणे सहा मीटरपर्यंत लांबीची ती मोरी, आणि त्यापुढे पूल सुरू होतो. पुलाला नाव असतं, उद्घाटनाची पाटी असते. मोरीला फार तर एक क्रमांक असतो आणि तोही चुन्याने रंगवलेला. मी नोकरीची सगळी वर्षं रस्ते, गटारं आणि मोऱ्या यांच्याच कामात घालवली, आणि त्या कामातून जे कळलं ते आज आपल्यासमोर मांडतो.

मोरी ज्या रस्त्याच्या अंदाजपत्रकातून बांधली जाते, त्या रस्त्याची ती कधीच नसते. तिचं माप तिच्या वरचा पाणलोट ठरवतो. ती चालेल की तुंबेल हे तिच्या खालचा प्रवाह ठरवतो. अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर या तीन शहरांत वरचा पाणलोट बदलला आणि खालचं पात्र आवळलं गेलं. मधली मोरी मात्र तशीच राहिली, किंवा वरचं आणि खालचं न बघता एकटीच मोठी केली गेली. दर जुलैमध्ये आपल्या दारात येणाऱ्या पाण्याचं मूळ मला इथे दिसतं.

या मुलखाची ठेवण पाहा. एका बाजूला मलंगगड, तावली, चंदेरी आणि माथेरानची रांग. दुसऱ्या बाजूला राजमाचीच्या डोंगरांतून निघून कर्जत, नेरळ, वांगणीवरून येणारी उल्हास नदी. या दोघांच्या मधल्या पट्टीवरून रेल्वे जाते. डोंगरावरून उतरणाऱ्या प्रत्येक वहाळाला उल्हास गाठायची असेल तर आधी रूळ ओलांडावे लागतात. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वर मुरुमाचा पातळ थर आणि खाली काळा कातळ. पाणी जमिनीत मुरायला वेळच मिळत नाही. काकोळेच्या डोंगरांत उगम पावणारी वालधुनी अंबरनाथच्या शिवमंदिराला वळसा घालून उल्हासनगरमधून, विठ्ठलवाडीवरून कल्याणला उल्हासच्या खाडीला मिळते. ते मंदिर शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० मधलं. शिलाहारांच्या स्थपतींनी गाभारा बाहेरच्या जमिनीच्या पातळीपेक्षा खाली घेतला, पायऱ्या उतरून आत जावं लागतं, आणि तरीही ते नदीकाठी साडेनऊशे वर्षांहून अधिक काळ उभं आहे. नदीच्या शेजारी बांधायला मनाई नव्हती. फक्त शेजार ओळखून बांधावं लागत होतं.

या पट्टीवरची, कल्याणहून पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंतची रेल्वेलाइन १२ मे १८५६ रोजी सुरू झाली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता होते जेम्स जॉन बर्कले. पुढे मान्सून तोंडावर, हाताशी पावसाच्या नोंदी जेमतेम, आणि पावसाच्या तीव्रतेवरून पुराचा विसर्ग काढणारं, ज्याला आपण आज ‘रॅशनल’ सूत्र म्हणतो, ते आयर्लंडच्या मल्वनी यांनी मांडून जेमतेम पाच वर्षं झालेली. अशा वेळी ओढ्याच्या काठावरच्या पूरखुणा पाहणं, गाळ कुठवर चढला ते बघणं आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारणं हीच अभियंत्याची साधनं होती. ही पद्धत आजही रद्द झालेली नाही. लहान पूल आणि मोऱ्यांच्या भारतीय मार्गदर्शिकेत पुराचा विसर्ग दोन-तीन रीतींनी काढायला सांगितलं आहे, आणि पूरखुणांवरून काढलेला आकडा त्यांतलाच एक आहे. सगळ्यांत मोठा आकडा धरायचा, मात्र तो दुसऱ्या क्रमांकाच्या आकड्यापेक्षा दीडपटीहून जास्त असू नये. म्हाताऱ्या माणसाची साक्ष अशी नियमात बसलेली आहे. ती घ्यायला आपण जात नाही, एवढंच.

‘इंग्रजांची कामं बघा, अजून टिकली आहेत’ हे वाक्य मोरीपाशी उभं राहिलं की हमखास ऐकू येतं. त्याच रेल्वेवर भोर घाटातला एक मोठा दगडी पूल १८६७ च्या जुलैत कोसळला होता आणि त्यानंतर त्या काळच्या दगडकामाची कसून तपासणी झाली. दर्शनी बाजूला घडीव दगड आणि पोटात भुसभुशीत भरणा, असा प्रकार होता. जी कामं टिकली ती चांगली होती म्हणून आज दिसतात. वाईट कामं पडली आणि नव्याने बांधली गेली. शंभर-दीडशे वर्षांची दगडी कमानी मोरी पाहून भावूक होण्याऐवजी तिच्यात वाकून शिरावं, टॉर्च मारावा आणि कमानीच्या सांध्यांतला चुना शिल्लक आहे का ते बघावं. कमान दाबावर उभी असते. सांधा रिकामा झाला की दगड हलतो, आणि वरून जाणारं वजन १८५६ च्या गाडीचं राहिलेलं नाही.

मोरीचं दुसरं युग काँक्रीटच्या नळाचं. वॉल्टर ह्यूम या ऑस्ट्रेलियन माणसाने साचा गरागरा फिरवून काँक्रीटचा घट्ट नळ तयार करण्याची रीत काढली. वालचंद हिराचंदांनी १९२६ मध्ये मुंबईत इंडियन ह्यूम पाइप कंपनी काढली आणि पुढे ‘ह्यूम पाइप’ हा शब्द आपल्या मुकादमांच्या तोंडी कायमचा बसला. नळमोरी स्वस्त आणि झटपट. आठवड्यात रस्ता सुरू होतो. तिथेच मोह पडतो. नऊशे मिलिमीटरचा नळ मिळाला नाही की सहाशेचे दोन टाकून काम उरकलं जातं. हिशोब करून बघा. उतार आणि गुळगुळीतपणा सारखा असेल तर व्यास दीडपट झाल्यावर वहनक्षमता जवळजवळ तिप्पट होते. म्हणजे नऊशेच्या एका नळाची बरोबरी करायला सहाशेचे तीन लागतात. दोन टाकले तर पाण्याचा तिसरा हिस्सा रस्त्यावरून जाणार, आणि तो जातोच.

आता थोडं गणित, कारण हा विषय गणिताशिवाय सांगितला तर नुसती हळहळ उरते. डोंगर आणि रूळ यांच्या मधला एक चौरस किलोमीटरचा पाणलोट घ्या. पूर्वी इथे भातखाचरं होती. खाचराचे बांध वीतभर उंच धरले तरी या एका चौरस किलोमीटरवर दोन लाख घनमीटर, म्हणजे वीस कोटी लिटर पाणी थांबू शकत होतं. ते हळूहळू, एका खाचरातून दुसऱ्यात उतरत जायचं. तासाला २५ मिलिमीटर पाऊस आणि त्यातलं निम्मं वाहून जाईल असं धरलं तर मोरीपाशी सेकंदाला साडेतीन घनमीटर पाणी येतं. मुंबईचं पर्जन्यवाहिन्यांचं जाळं बराच काळ याच २५ मिलिमीटरवर आखलेलं होतं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, एका तासात तर १९० मिलिमीटर. त्यानंतर डॉ. माधवराव चितळे यांच्या समितीने ताशी किमान ५० मिलिमीटर धरायला सांगितलं. आता खाचरांच्या जागी इमारती, पेव्हर ब्लॉकची अंगणं आणि काँक्रीटचे रस्ते आले. पाण्याचा ८० टक्के भाग वाहून जातो असं धरा आणि पाऊस ताशी ५० चा घ्या. साडेतीनच्या जागी अकरा घनमीटर. पाणलोटाचं क्षेत्रफळ एका इंचानेही वाढलेलं नाही, मोरीवर येणारं पाणी तिप्पट झालं.

आणि हेसुद्धा शेवटचं उत्तर नाही. सह्याद्रीच्या पंख्यासारख्या पसरलेल्या पाणलोटांसाठी क्लॉड इंग्लिस यांचं सूत्र आपल्याकडे वापरलं जातं. खडकवासल्याच्या जलसंशोधन केंद्राला आकार देणारे हेच इंग्लिस. त्यांच्या सूत्राने त्याच एका चौरस किलोमीटरला छत्तीस घनमीटरच्या पुढचा आकडा येतो. आता शाखा अभियंत्यापुढे तीन आकडे आहेत: साडेतीन, अकरा आणि छत्तीस. दोनशेला एक उताराने टाकलेला नऊशेचा नळ तुडुंब भरून जेमतेम सव्वा घनमीटर नेतो. दोन मीटर बाय दोन मीटरची पेटीमोरी, म्हणजे बॉक्स कल्व्हर्ट, दहा-बारा घनमीटर नेते. छत्तीस हवे असतील तर अशा तीन पेट्या शेजारी शेजारी.

पैसे कुठे आहेत, असं विचारणारे चूक नाहीत. माझं मत असं, की शहरातल्या रस्त्याखाली अकराची मोरी बांधावी, पण नकाशावर छत्तीसची वाट आखून ठेवावी. मोरी बुडाली की जादा पाणी कुठून जाईल, याचं उत्तर कागदावर असल्याशिवाय मोरीला मंजुरी देऊ नये. आपल्या जुन्या फरशी पुलांना ही समज होती. फरशी बुडणार हे गृहीत धरूनच ती बांधायची. वर पाणी आलं की वाहतूक थांबते, दोन तासांनी पाणी उतरतं आणि फरशी जागेवर असते. आता आपण रस्ता उंच करतो. दर काही वर्षांनी त्यावर नवा थर किंवा काँक्रीट चढतं आणि रस्ता बांध होऊन बसतो. मोरी बुडाल्यावर पाण्याला रस्त्यावरून जायची वाट राहत नाही. मग ते कडेच्या तळमजल्यांतून जातं. बदलापूर, अंबरनाथमधल्या कितीतरी सोसायट्यांची जोती आज समोरच्या रस्त्यापेक्षा खाली आहेत. त्या घरांत शिरणारं पाणी आभाळातून थेट आलेलं नसतं, ते रस्त्याने वळवलेलं असतं.

उल्हासनगरची गोष्ट वेगळी, आणि मला जास्त अस्वस्थ करणारी. दुसऱ्या महायुद्धात तिथे कल्याण कॅम्प नावाची लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सुमारे एक लाख सिंधी निर्वासित तिथल्या बराकींत आले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. लष्करी छावणीची गटारं उघडी आणि सरळ असतात. पटांगणावरचं पावसाचं पाणी नाल्यापर्यंत न्यायचं, एवढंच त्यांचं काम. हाताशी काही नसताना लोकांनी त्याच जमिनीवर घरं, दुकानं, कारखाने उभे केले. ती जिद्द मोठी होती. तेरा चौरस किलोमीटरच्या आसपासच्या त्या जागेत २०११ च्या जनगणनेला पाच लाखांवर माणसं मोजली गेली. पावसाळी गटारात सांडपाणी आलं. गटारावर फरशा आल्या, फरशांवर पायऱ्या, आणि काही ठिकाणी अख्खं दुकान आलं. उघडं गटार घाण दिसतं म्हणून झाकलं जातं, आणि झाकल्यावर ते कोणाच्या नजरेस पडत नाही. नाला एकदा स्लॅबखाली गेला की तो अभियांत्रिकीच्या भाषेत बोगदा होतो. त्याला चेंबर हवेत, आत उतरण्याची सोय हवी, हवा खेळायला हवी. यातलं काही नसेल तर तो साफ करताच येत नाही.

साफ न केलेल्या मोरीचं काय होतं तेही आकड्यांत सांगतो, कारण इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. गोल नळ तळापासून मध्यापर्यंत गाळाने भरला तर निम्मी क्षमता गेली असं वाटतं. प्रत्यक्षात सुमारे ३६ टक्के उरते, कारण जागा निम्मी झाली तरी घासणारा पृष्ठभाग तेवढा कमी होत नाही आणि प्रवाहाचा वेग पडतो. शिवाय गाळ खडबडीत असतो, त्याचं नुकसान वेगळं. नालेसफाईचं काम मे महिन्यात पोकलेन लावून होतं. उघड्या नाल्यातला गाळ निघतो, काठावर रचला जातो आणि पहिल्या पावसात त्यातला बराच परत आत उतरतो. मोरीच्या पोटातला गाळ मात्र तसाच राहतो, कारण पोकलेनचा हात तिथे पोचत नाही. मोजमाप पुस्तिकेत नाल्याची लांबी लिहिली जाते. मोरीतून आरपार उजेड दिसतो का, हा रकाना तिच्यात असायला हवा.

मोरीचं तोंड हा तर स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. बहुतेक मोऱ्यांची क्षमता त्यांचं पोट ठरवत नाही, तोंड ठरवतं. पाणी जिथे आत शिरतं तिथली धार गोलाई दिलेली असेल, दोन्ही बाजूंना पंखभिंती तिरक्या उघडलेल्या असतील, तर त्याच पेटीतून जास्त पाणी जातं. काटकोनात कापलेल्या भिंतीत नुसतं भोक ठेवलं तर पाणी आत शिरताना आकसतं आणि वरच्या बाजूला फुगवटा वाढतो. आणि याच तोंडातून आपण वाहिन्या नेतो. पाण्याची मुख्य वाहिनी, टेलिफोनची केबल, कधी गॅसची पाइप मोरीच्या आतून आडवी. रस्ता खोदायची परवानगी टाळण्यासाठी ही सोपी वाट निघते. त्या आडव्या पाइपला पहिली प्लास्टिकची पिशवी अडकते, मग फांदी, मग गादी. दोन तासांच्या पावसात ती जागा भिंतीसारखी बंद होते. माझ्या हातात असतं तर मी नवी मोरी बांधण्याआधी एक उन्हाळा फक्त या आडव्या पाइपा काढण्यावर खर्च केला असता. इतक्या कमी पैशांत इतकं पाणी मोकळं करणारं दुसरं काम मला माहीत नाही.

जाळीचाही असाच प्रश्न. मूल वाहून जाऊ नये म्हणून मोरीच्या तोंडाशी उभी जाळी लावतात, ती तासाभरात कचऱ्याने बंद होते. म्हणून जाळी तोंडापासून मागे, वरच्या बाजूला, तिरकी आणि मोरीच्या कितीतरी पट रुंद असावी लागते. कचरा वर सरकतो, खालून पाणी जात राहतं आणि काठावर उभं राहून दाताळ्याने तो ओढता येतो. जागा जास्त लागते हे खरं. पण मुलाचा जीव आणि वरच्या वस्तीची घरं, दोन्ही सांभाळायची असतील तर ती जागा द्यायलाच हवी.

आता वालधुनीकडे वळतो. अंबरनाथ हे जुनं कारखान्यांचं गाव. धरमसी मोरारजी केमिकल कंपनी १९१९ ची, पुढे काड्यापेटीचा विम्को, ऑर्डनन्स फॅक्टरी आणि नंतर औद्योगिक वसाहती. खाली उल्हासनगरमधले जीन्स धुण्याचे कारखाने, ज्यांच्यामुळे नाल्याचं पाणी निळं व्हायचं. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस एका रात्री टँकरने आणलेलं रसायन वालधुनीत सोडलं गेलं आणि काठावरच्या शेकडो रहिवाशांना श्वास कोंडून, उलट्या होऊन रुग्णालयात जावं लागलं. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाचा खटला ‘वनशक्ती’ या संस्थेने राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला होता. या घटनांकडे आपण आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहतो आणि तो आहेच. मोरीचाही तो प्रश्न आहे. सांडपाणी तुंबलं की तळाच्या गाळात हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. तो वर चढतो, छताच्या ओलसर काँक्रीटवर जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात आणि ते आम्ल सिमेंट खाऊन टाकतं. म्हणून अशा मोरीचा तळ ठणठणीत दिसतो आणि छतातल्या सळया उघड्या पडलेल्या असतात. वरून बघणाऱ्याला काहीच कळत नाही, डांबराचा थर शाबूत असतो. एक दिवस सिमेंटचा मिक्सर वरून जातो आणि मागचं चाक आत.

आणि त्याच वायूने माणसं मरतात. चेंबरचं झाकण उघडून आत उतरलेला पहिला माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही वर येत नाही. २०१३ च्या कायद्याने कोणत्याही सुरक्षासाधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाखांवर नेली. रक्कम वाढली, झाकण उघडण्याची रीत अनेक ठिकाणी तीच आहे. हा दोष उतरणाऱ्याचा नाही, नकाशा काढणाऱ्याचा आहे. ज्या मोरीत माणूस उतरल्याशिवाय सफाई होऊच शकत नाही, ती मोरी चुकीची काढलेली आहे. उंची कमी, चेंबर लांब लांब, यंत्राची नळी आत घालायला जागा नाही. आराखड्यावर सही करताना हे दिसतं. बघायचं असेल तर.

दुरुस्तीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण हे काम डोळ्यांनी बघूनच कळतं. रुळांखालची मोरी मोठी करायची तर गाड्या बंद करता येत नाहीत. म्हणून काँक्रीटची पेटी शेजारी ओततात आणि पुढून माती कोरत कोरत जॅकने रुळांखाली ढकलतात. वरून गाड्या हळू चालत राहतात. मुंबईत सँडहर्स्ट रोडपाशी मध्य रेल्वेच्या रुळांखालून सूक्ष्म बोगद्याच्या तंत्राने मोठे नळ गेले, तेही गाड्या चालू ठेवून. आपल्याकडे कल्याण ते बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका होते आहे, त्यासाठी भराव रुंद होतो आणि जुन्या मोऱ्या लांबवाव्या लागतात. लांबवतानाच त्या रुंद केल्या तर पुढची पन्नास वर्षं सुटतील. ही संधी पुन्हा येणार नाही. जुन्या दगडी मोरीत गुळगुळीत अस्तर घालणं हा आणखी एक उपाय. आतली जागा कमी होते, पण पाणी वेगाने जातं. मात्र मोरीची अडचण तोंडाशी असेल तर अस्तराने काही साधत नाही. आणि एक खूण सांगतो, ती सगळ्यांनी लक्षात ठेवावी. नळमोरीच्या वर, रस्त्याच्या त्याच जागी, दरवर्षी खड्डा पडत असेल तर तो डांबराचा खड्डा समजू नका. नळाच्या बाहेरच्या बाजूने, नीट न ठोकलेल्या भरावातून पाणी वाट काढतं आहे आणि माती वाहून नेतं आहे. त्यावर खडी टाकणं म्हणजे पुढच्या पावसासाठी पोकळी झाकून ठेवणं.

रुळांखालून जाणारा बेलवलीचा भुयारी मार्ग पावसाळ्यात कसा भरतो, हे बदलापूरकरांना वेगळं सांगायला नको. सखल जागेत खोदलेला प्रत्येक भुयारी मार्ग पावसाळ्यात विहीर होतो, कारण पाण्याला तिथून खाली जायला जागाच नसते. पंप बसवतात. पंपाने उचललेलं पाणी ज्या नाल्यात सोडायचं, तो नाला त्याच वेळी तुडुंब असतो.

इथे मी माझ्या मूळ मुद्द्याशी येतो. वालधुनीचा उगम ग्रामीण भागात, मधला भाग अंबरनाथ नगरपरिषदेत, औद्योगिक महामंडळाच्या वसाहती शेजारी, पुढे उल्हासनगर महापालिका, मग कल्याण-डोंबिवली महापालिका. आडवे छेदणारे रूळ मध्य रेल्वेचे, मोठे रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाचे किंवा मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे, म्हणजे एमएमआरडीएचे. प्रत्येकाकडे आपापल्या मोऱ्या, आपापलं टेंडर. एका रस्त्याची मोरी मोठी झाली की वरच्या वस्तीत पाणी थांबत नाही आणि पेढे वाटले जातात. ते पाणी आता एकदम खालच्या मोरीवर धडकतं, जी तशीच आहे. पूर नाहीसा झालेला नसतो, खालच्या वस्तीत गेलेला असतो. म्हणून मोऱ्या मोठ्या करायचा क्रम एकच असू शकतो: खालून वर. खाडीच्या तोंडापासून सुरुवात, मग विठ्ठलवाडी, मग उल्हासनगर, सगळ्यांत शेवटी अंबरनाथचा वरचा भाग. निवडणुकीच्या प्रभागांना हा क्रम मानवत नाही, हे मी जाणतो. पण अंबरनाथच्या नगरसेवकाने विठ्ठलवाडीच्या मोरीसाठी भांडावं, असं हे पाणी सांगतं.

खालच्या टोकाला आणखी एक गोष्ट आहे. कल्याणच्या खाडीत भरती येते, आणि उल्हासला पूर असेल तर नाल्याच्या तोंडाशी पाण्याची भिंत उभी राहते. मग मोरीतून पाणी उलटं वाहतं. बदलापूरला नदीने १७.५ मीटरची धोक्याची पातळी ओलांडली की हेंद्रेपाडा, रमेशवाडी, वालिवली या भागांत हेच होतं. वरून पाऊस थांबलेला असतो, आणि नाला नदीचं पाणी वस्तीत आणत असतो. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये, चामटोलीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. हजारावर प्रवासी होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, हवाई दल आणि आजूबाजूचे गावकरी यांनी बोटींनी, दोरांनी सगळ्यांना सुखरूप बाहेर काढलं. त्या दिवशी पाणी आडव्या ओढ्यांचं नव्हतं, शेजारून वाहणाऱ्या नदीचं होतं. अशा पुरापुढे कितीही मोठी मोरी पुरत नाही. तिथे निळी आणि लाल पूररेषा हाच उपाय आहे. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. रेषेच्या आत घर घेतलेल्या माणसाला त्या रेषा अन्यायाच्या वाटतात, कारण त्याला त्या घर घेतल्यावर कळल्या. राग रेषेवर निघतो. नकाशा आधी न दाखवणाऱ्यावर तो निघायला हवा.

माझी मागणी मोठ्या निधीची नाही. या तीन शहरांतल्या प्रत्येक मोरीची एक नोंद हवी: तिच्यावर येणारा पाणलोट किती, त्यात खाचर किती उरलं आणि बांधकाम किती झालं, तोंडाची रुंदी-उंची किती, आतून आडवं काय गेलं आहे, छत कसं आहे, खालची मोरी कोणती आणि ती हिच्यापेक्षा मोठी आहे की लहान. पर्जन्यजलवाहिन्यांसाठी केंद्र सरकारची स्वतंत्र मार्गदर्शिका २०१९ मध्ये आली, तिच्या रीतीने हे सगळं बसवता येईल. वालधुनीची नोंद एकाच वहीत हवी, मग ती वही कोणत्याही कार्यालयात ठेवा. सुरुवातीला ती सरकारने करावी अशी वाट बघायचीही गरज नाही. या भागात अभियांत्रिकीची आणि पदविकेची मुलं आहेत, निवृत्त अभियंते आहेत. मापाची टेप, टॉर्च, उंच गमबूट आणि एक उभी पट्टी पुरते. मात्र आत कोणी उतरायचं नाही, सगळी मापं तोंडाशी उभं राहून घ्यायची. फेब्रुवारीत पाणी कमी असतं, तेव्हा पहिली फेरी. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक मोरीच्या पंखभिंतीवर तेलरंगाने मीटर आणि दहा-दहा सेंटिमीटरच्या खुणा करायच्या, म्हणजे पुराच्या दिवशी कोणीही मोबाइलवर फोटो काढला की पाण्याची पातळी नोंदली जाईल. ऑक्टोबरमध्ये ते फोटो आणि मापं एकत्र मांडून बघायची. वालधुनीच्या खालच्या टोकापासून, कल्याणच्या बाजूने, ही फेरी मी सुरू करणार आहे. ज्यांना यायचं आहे त्यांनी सभागृहाच्या दाराशी ठेवलेल्या वहीत नाव आणि आपण कोणत्या मोरीच्या जवळ राहतो ते लिहून जावं.